ओढा फुगल्यावर: ताम्हिणीच्या पावसात तुकडी कशी सांभाळावी

पुण्याहून पौडमार्गे मुळशी धरणाच्या कडेकडेने पश्चिमेला गेलं की विंझाई देवीचं ताम्हिणी गाव लागतं. पुढे रस्ता घाट उतरून विळ्याला आणि तिथून माणगाव किंवा कोलाडला जातो. अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन आलेले वारे इथे सह्याद्रीच्या कड्याला थडकतात, वर चढताना थंड होतात आणि घाटमाथ्यावर कोसळतात. 25 जुलै 2024 रोजी ताम्हिणीत 24 तासांत 556 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पुणे शहरात अख्ख्या वर्षात सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पडतो. ताम्हिणीच्या त्या एका दिवसाच्या पावसाचा हिशेब मांडला, तर एकरी सुमारे साडेबावीस लाख लिटर पाणी होतं. उतारावर त्यातलं फारच थोडं मुरतं. बाकीचं ओढ्यात येतं.

याच पावसात सुट्टीच्या दिवशी माणसांचे गट इथल्या रानवाटांवर येतात. कुणी गिर्यारोहण संस्थेबरोबर, कुणी कॉलेजच्या मित्रांबरोबर, कुणी कार्यालयातल्या सहकाऱ्यांबरोबर. प्रत्येक गटात एक लीडर असतो. काही वेळा तो अनुभवी असतो, पुष्कळदा मात्र ज्याने गाडी ठरवली आणि पैसे गोळा केले तोच लीडर होतो. सगळं सुरळीत असेल तेव्हा कुणाचंही निभावतं. ओढा फुगला, धुकं उतरलं, एकाचा पाय मुरगळला की वीस माणसं एकदम त्याच्या तोंडाकडे बघू लागतात. त्या वेळी काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं, हे इथे पाहू. अंधारबनाची वाट आपण डोळ्यांसमोर ठेवू. ताम्हिणीजवळच्या पिंपरी गावातून कुंडलिकेच्या दरीच्या कडेने दाट जंगलातून भिऱ्याला उतरणारी ही वाट तेरा-चौदा किलोमीटरची आहे आणि तिच्यावर ओढ्यांमागून ओढे आडवे येतात. आपण या तुकडीचे लीडर आहात, असं धरून चालू.

सुरुवात घरूनच होते. संकटात घ्यावे लागणारे बरेचसे निर्णय कोरड्या जागी, शांत डोक्याने, आदल्या दिवशीच घेऊन ठेवता येतात. परतीची वेळ हा त्यातला पहिला. अमुक वाजेपर्यंत अमुक ठिकाणी पोहोचलो नाही तर तिथूनच मागे फिरायचं, हे कागदावर लिहावं. अंधारबनासारख्या एकाच दिशेने उतरणाऱ्या वाटेवर आणखी एक गोष्ट ठरवावी लागते: कोणत्या जागेनंतर मागे फिरण्यापेक्षा पुढे जाणं जवळचं पडेल. ती जागा ओलांडण्यापूर्वी पाच मिनिटं थांबून पाऊस, वेळ आणि माणसं, तिन्हींचा अंदाज घ्यायचा.

हे आधी का ठरवायचं? भिजलेल्या, दमलेल्या, पैसे आणि सुट्टी खर्च करून आलेल्या माणसाचं मन पुढे जाण्याच्या बाजूनेच कौल देतं. लीडरचंही मन त्याला अपवाद नसतं. आदल्या दिवशी लिहिलेली वेळ पाळली की वाद घालावा लागत नाही, कुणाचा हिरमोड आपल्या अंगावर येत नाही.

नावांची यादी दोन प्रतींत करावी: नाव, वय, रक्तगट, चालू औषधं, घरचा फोन. एक प्रत आपल्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत, दुसरी घरी थांबणाऱ्या एका जबाबदार माणसाकडे. त्याला स्पष्ट सांगून ठेवावं की रात्री आठपर्यंत आपला फोन आला नाही, तर त्याने पोलिसांना कळवायचं. ही वेळ ठरलेली नसली की घरचे लोक मध्यरात्रीपर्यंत ‘येतील, अडकले असतील कुठे’ म्हणत बसतात, आणि शोधाचे पहिले तास वाया जातात.

मग तुकडीची मांडणी. पुढे वाट माहीत असलेला एक, सगळ्यात मागे एक आणि लीडर मध्ये. मागच्या माणसाला ट्रेकच्या बोलीत ‘टेल’ म्हणतात, म्हणजे ज्याच्या मागे आपलं कुणीही नाही असा. हे काम धीराच्या आणि अनुभवी माणसाला द्यावं. नेहमीची चूक ही की लीडर स्वतःच पुढे झपाझप चालतो आणि टेल म्हणून जो सगळ्यात हळू चालतो त्यालाच ठेवतो. अशाने तासाभरात तुकडीची दोन टोकं एकमेकांच्या नजरेआड होतात, आणि धुक्यात नजरेआड म्हणजे हाकेच्याही आड. त्याशिवाय सगळ्यांच्या जोड्या लावाव्यात. आपला जोडीदार दिसतो आहे ना, एवढीच प्रत्येकाची जबाबदारी. लीडरच जायबंदी झाला तर सूत्रं कुणी घ्यायची, म्हणजे उपलीडर कोण, तेही सगळ्यांसमोर सांगून ठेवावं.

गावातला वाटाड्या जरूर घ्यावा. ओढ्याचं पाणी किती वेळात चढतं आणि कोणती वाट पावसाळ्यात मोडते, हे त्याला पिढ्यांच्या वावराने माहीत असतं. ‘आज नका जाऊ’ असं तो म्हणाला, तर तो दिवसाचा शेवटचा शब्द मानावा. जास्त पैशांचं आमिष दाखवून त्याला राजी करणं ही मोठी चूक आहे. त्याला पैशांची गरज असते, म्हणूनच त्याचा नकार गांभीर्याने घ्यायचा.

निघताना पाच मिनिटं सगळ्यांना गोल उभं करून तीन गोष्टी सांगाव्यात. लीडरने हात वर केल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकायचं नाही. कड्याच्या टोकाशी फोटोसाठी जायचं नाही. आणि कुणालाही, अगदी सगळ्यात नवख्यालाही, ‘थांबा’ म्हणायचा हक्क आहे.

ही तिसरी गोष्ट नुसती सांगून भागत नाही. बहुतेक गटांत कुणाला तरी धोका आधी दिसलेला असतो. हसं होईल म्हणून तो गप्प बसतो. कार्यालयातल्या गटात तर साहेब बरोबर असले की कनिष्ठ माणूस तोंड उघडत नाही. म्हणून दिवसात पहिल्यांदा जो कुणी थांबवेल, त्याचं कारण किरकोळ निघालं तरी, त्याला सगळ्यांदेखत ‘बरं केलंस बोललास’ म्हणावं. त्या एका वाक्यावर संध्याकाळी कुणी बोलणार की नाही हे ठरतं.

चालताना लीडरचं लक्ष ओढ्यावर असलं पाहिजे. डोक्यावर पाऊस नसला तरी वरच्या अंगाला कोसळत असेल तर पाणी चढतं. स्वच्छ पाणी गढूळ होतं, पानं आणि काटक्या वाहून येऊ लागतात, आवाज जाडा होतो, मघाशी कोरडा दिसणारा दगड बुडतो. यातली एक खूण दिसली तरी पाण्यापासून लांब, उंच जागी सरकायचं. अंधारबनासारख्या वाटेवर खरा सापळा दोन ओढ्यांच्या मध्ये असतो: सकाळी घोट्याइतक्या पाण्यातून ओलांडलेला मागचा ओढा दुपारी कमरेला येतो, पुढचाही भरलेला असतो, आणि तुकडी मधल्या पट्ट्यात अडकते. अशा दोन ओढ्यांच्या मध्ये शिरताना मागचा ओढा एकदा नीट पाहून, पाण्याजवळचा एखादा दगड खूण म्हणून मनात धरून पुढे जावं.

आता धरा, ते घडलंच. पुढचा ओढा फुगला आहे. पहिलं काम थांबण्याचं. सगळ्यांना मागे, पाण्यापासून उंचावर घ्या. दरड सुटेल असा उघडा उतार डोक्यावर नाही ना, तेवढं बघा. मग माणसं मोजा. तोंडाने ‘सगळे आहेत ना?’ विचारू नये, कारण त्याला उत्तर नेहमी ‘हो’ असंच येतं. एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजायचं आणि आकडा टेलकडून ताडून घ्यायचा.

घाबरलेल्या तुकडीत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. कुणीतरी तगडा, पोहता येणारा गडी ‘मी बघून येतो’ म्हणत पाण्यात उतरतो आणि पलीकडे पोहोचतोही. त्याच्या मागून दोघे-चौघे जातात, मग पाणी आणखी चढतं. आता अर्धे अलीकडे, अर्धे पलीकडे. एका संकटाची दोन संकटं झाली. औषधं एका काठावर, दुखावलेला माणूस दुसऱ्यावर. लीडरचा शब्द ओढ्याच्या आवाजात पलीकडे पोहोचत नाही. तुकडी एका काठावर ठेवणं, मग तो काठ गैरसोयीचा का असेना, हे लीडरचं या घडीचं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे.

पाण्याचा जोर डोळ्याला कळत नाही. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. गुडघाभर पण वेगवान पाणी धडधाकट माणसाला पाडतं, आणि पडलेल्या माणसाला शेवाळलेल्या दगडांवर पुन्हा उभं राहता येत नाही. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते एकमेकांना घट्ट धरून उभे होते, काठावर माणसं होती, तरी कुणाला काही करता आलं नाही. हातात हात घालून केलेली साखळी सराव नसेल तर एका माणसाबरोबर सगळ्यांना ओढते. दोर कमरेला पक्का बांधून ओढा ओलांडणं तर त्याहून वाईट; पाय सुटला की ताणलेला दोरच माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो. सराव नसलेल्या तुकडीने फुगलेला ओढा ओलांडायचा नाही, एवढा सरळ नियम पुरे. पाऊस उघडला की डोंगरातले ओढे पुष्कळदा काही तासांत उतरतात. वाट पाहणं हा निर्णयच आहे, आणि तो निर्णय म्हणून मोठ्याने सांगितला की लोकांना निमूट बसण्याचा अर्थ कळतो.

त्यानंतर बोलायचं. आधी उपलीडर आणि वाटाड्या यांना बाजूला घेऊन सल्लामसलत करावी. मतभेद तिथेच मिटवावेत. मग सगळ्यांसमोर एकाच तोंडून बोलणं व्हावं. काय माहीत आहे, काय माहीत नाही, आता काय करायचं आणि पुन्हा केव्हा सांगणार, एवढं त्यात आलं पाहिजे. ‘आपण अठरा जण आहोत, सगळे सुखरूप आहोत. पुढचा ओढा ओलांडता येणार नाही. पाणी किती वेळाने उतरेल ते मला माहीत नाही. आपण इथेच थांबणार आहोत. दर अर्ध्या तासाने मी पाणी पाहून येईन आणि जे दिसेल ते सांगेन. साडेपाचपर्यंत उतरलं नाही तर रात्र इथे काढायची तयारी करू.’ एवढं पुरतं.

इथे मोह होतो तो खोट्या दिलाशाचा. ‘अर्ध्या तासात उतरेल पाणी, घाबरू नका’ असं म्हटलं आणि दीड तासाने ते चढलेलंच असलं, की पुढचं आपलं कोणतंच वाक्य लोक धरत नाहीत. मोडलेला पाय दिसतो, त्याचं काय करायचं ते ठरवता येतं. किती वेळ थांबायचं हे न कळणं माणसाला जास्त पोखरतं. तो वेळ आपल्याला सांगता येत नाही. पुढचं बोलणं कधी होणार, हे मात्र सांगता येतं. अर्ध्या तासाने सांगतो म्हटलं, तर नवीन काही नसलं तरी अर्ध्या तासाने जाऊन ‘काही बदल नाही’ एवढं सांगायलाच हवं. लीडरची पत या छोट्या वेळा पाळण्यात असते.

मग प्रत्येकाच्या हाताला काम द्यावं. एकाने सगळं खाणं एकत्र करून वाटे करावेत, एकाने बॅटऱ्या आणि फोनचं चार्जिंग तपासावं, दोघांनी प्लास्टिकचं छप्पर ताणावं, एकाने वेळ आणि पाण्याची उंची वहीत लिहावी. सगळ्यात घाबरलेल्या माणसाला मोजण्याचं किंवा लिहिण्याचं काम द्यावं, त्याचं मन एका जागी राहतं.

थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत हेच दिसलं. 23 जून 2018 रोजी फुटबॉलच्या सरावानंतर 12 मुलं आणि त्यांचा 25 वर्षांचा प्रशिक्षक गुहेत शिरले, पावसाने वाट बुडाली आणि ते आत कोंडले गेले. ब्रिटिश पाणबुड्यांना ते 2 जुलैला सापडले. तोपर्यंत अंधारात, अन्नाशिवाय त्या प्रशिक्षकाने मुलांना एकत्र ठेवलं होतं. पूर्वी बौद्ध मठात राहिलेला तो तरुण त्यांना ध्यानाला बसवायचा, गढूळ पाण्याऐवजी खडकावरून ठिबकणारं पाणी प्यायला लावायचा, पाळीपाळीने भिंत खणायला लावायचा. भिंत खणून बाहेर पडणं शक्य नव्हतं, पण हात चालू राहिले. 10 जुलैपर्यंत सगळे 13 जण बाहेर आले. त्यांना सोडवताना थाई नौदलाचे माजी पाणबुडे समन कुनान यांनी प्राण गमावले.

आपल्याकडे अडकलेल्या तुकडीचा दुसरा शत्रू थंडी. जुलैच्या पावसात थंडीने जीव जाईल असं कुणाला वाटत नाही, म्हणूनच ती फसवते. भिजलेले कपडे आणि वारा मिळून शरीराचं तापमान उतरत जातं. याला हायपोथर्मिया म्हणतात. आधी कुडकुडणं, मग बोलणं अडखळणं, चालताना तोल जाणं, चिडचिड किंवा सुस्ती. आणि मग कुडकुडणं थांबतं. त्यावर ‘आता बरं वाटतंय वाटतं’ असं समजणं जीवघेणं ठरू शकतं. अशा माणसाचे ओले कपडे काढून कोरडे घालावेत, खाली जमिनीवर पिशव्या अंथराव्यात, वाऱ्यापासून आडोसा द्यावा, दोघांनी त्याला चिकटून बसावं. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गोड काहीतरी द्यावं. दारू अजिबात नको. या सगळ्यासाठी प्रत्येकाच्या पाठपिशवीत प्लास्टिकमध्ये बांधलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड हवा. निघताना तो उघडून दाखवायला सांगा. ‘आहे’ म्हणणाऱ्यांपैकी काहींचा गाडीतच राहिलेला असतो.

मदत बोलवायला लाजू नये. अंधार पडण्यापूर्वी केलेला फोन रात्रीच्या फोनपेक्षा कितीतरी उपयोगी. 112 हा आणीबाणीचा क्रमांक. त्यांना जागा, माणसांची संख्या, कोण दुखावलं आहे, आपल्याकडे काय आहे आणि फोन केव्हा-केव्हा चालू ठेवणार, हे या क्रमाने सांगावं. ही वाट पुणे जिल्ह्यात सुरू होऊन रायगड जिल्ह्यात उतरते, म्हणून आपण नेमके कोणत्या बाजूला आहोत ते सांगायला विसरू नये. नाहीतर पथक चुकीच्या टोकाकडून निघतं. दरीत फोन लागत नाही, पण एखाद्या उंचवट्यावर लघुसंदेश निसटून जातो. एकच फोन चालू ठेवून बाकीचे बंद करावेत. गावाकडे निरोप्या पाठवायचा झाला तर दोघांना मिळून, आणि वाटेत ओढा नसेल तरच.

महाराष्ट्रात डोंगरातल्या बचावासाठी स्वयंसेवी गिर्यारोहकांचं मोठं जाळं आहे. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर ही त्यांना जोडणारी यंत्रणा; लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची माणसं नोकरी-धंदा सोडून मध्यरात्री निघतात. त्यांनाही पोहोचायला काही तास लागतात, हे धरूनच थांबायचं. ते आले की सूत्रं त्यांच्याकडे द्यावीत. ‘आमची तुकडी आहे, आम्हाला माहीत आहे’ म्हणत त्यांच्या कामात पडू नये. आता आपलं काम माहिती पुरवण्याचं आणि आपली माणसं त्यांच्या सूचनेप्रमाणे हलवण्याचं.

यात सगळ्यात अवघड प्रसंग एकच: कुणी वाहून गेलं किंवा सापडत नाही. त्या क्षणी उरलेल्यांना थांबवणं हे लीडरचं काम आहे, आणि ते कठोर वाटतं. मित्राच्या मागे उडी घेणाऱ्याला दोघांनी धरून ठेवावं लागेल. शेवटचं कुठे दिसला ती जागा आणि वेळ लिहून घ्यावी, काठावरून, पाण्यापासून लांब राहून शोध घ्यावा, मदतीला कळवावं. असे निर्णय मोठ्या यंत्रणांनाही घ्यावे लागतात. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इरसालवाडीवर दरड कोसळली. डोंगरावरच्या त्या वाडीपर्यंत यंत्रं नेता येत नव्हती. भर पावसात पथकं पायी चढली, आणि त्या चढणीत अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. 27 मृतदेह मिळाले, 57 जण बेपत्ता होते, तरी 23 जुलैला शोध थांबवावा लागला. असा निर्णय ज्याने घ्यायचा त्याने तो आपल्या नावाने घ्यावा, मतदान करून सगळ्यांच्या खांद्यावर वाटू नये. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना आयुष्यभर ‘मी हात वर केला होता’ हे ओझं देणं बरोबर नाही.

सुखरूप बाहेर पडल्यावर गाडीत बसण्यापूर्वी पुन्हा मोजावं. घरी थांबलेल्या माणसाला लीडरने स्वतः फोन करावा, म्हणजे अर्धवट बातम्या फिरत नाहीत. त्या रात्री चुका काढू नयेत. तीन-चार दिवसांनी सगळ्यांनी बसून काय घडलं ते वेळेच्या क्रमाने लिहावं. कोण चुकलं यापेक्षा कोणती खूण कधी दिसली होती आणि ती कुणी बोलून का दाखवली नाही, याची चर्चा करावी. एखाद्याला झोप लागत नसेल, पाण्याचा आवाज नकोसा होत असेल, तर त्याला एकटं सोडू नये. गरज वाटली तर डॉक्टरांकडे न्यावं.

राहता राहिली निघायचं की नाही ही गोष्ट. भुशीच्या दुर्घटनेनंतर 2024 मध्ये पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश काढले, त्यात मुळशी तालुक्यातल्या जागाही होत्या. असे आदेश पावसाळ्यात निघतात, आणि वन खातंही वाटा बंद करतं. तारीख ठरवण्यापूर्वी हे आदेश आणि हवामान खात्याचा इशारा दोन्ही पाहा. घाटमाथ्याला लाल इशारा असेल किंवा वाट बंद असेल तर आगाऊ भरलेले पैसे सोडून द्या आणि तुकडीला आदल्या दिवशीच तसं कळवा. हीच वाट पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात चालून पाहा.